जेधे बदलले की काँग्रेस?

केशवराव जेधे यांनी आयुष्यात किती वेळा पक्ष बदलला हे मोजायला बसलं की एका हाताची बोटं संपत येतात. आधी ब्राह्मणेतर पक्ष. १९३० पासून काँग्रेस. स्वातंत्र्याच्या सुमारास शेतकरी कामगार पक्ष. १९५४ मध्ये परत काँग्रेस. आणि १९५६ मध्ये, काँग्रेसच्या नाकी नऊ आणणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र समितीच्या स्थापनेत पुन्हा हेच पुढे. आजच्या भाषेत अशा माणसाला काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे. २०२२ नंतर तर तो शब्द आपल्याकडे चहातल्या साखरेसारखा झाला आहे, प्रत्येकाच्या कपात थोडाथोडा.

पण मंडळी, मला पडलेला प्रश्न थोडा वेगळा आहे. १९२५ सालची काँग्रेस आणि १९६० सालची काँग्रेस, नाव तेच, झेंड्याचे रंगही बरेचसे तेच, पण मराठी मुलखापुरतं बोलायचं तर हे दोन पक्ष एकच होते का? पहिल्या काँग्रेसला आमच्या सातारकडच्या गावांत कुत्रं विचारत नव्हतं. दुसरीला त्याच गावांनी डोक्यावर घेतलं. मधल्या पस्तीस वर्षांत माणसं बदलली की पक्ष बदलला?

हे लिहायला निमित्त झालं ते आमच्या भावकीतल्या एका वाक्याचं. "आपलं घराणं पहिल्यापासून काँग्रेसचं" असं आमचे एक काका दर निवडणुकीला म्हणतात. काका हा ब्लॉग वाचतात, त्यामुळे जपून लिहितोय. :) पण काका, 'पहिल्यापासून' हे काही खरं नाही. पणजोबांच्या काळी आपल्या घरात काँग्रेस ही शिवी होती.

आता थोडं मागे जायला हवं.

टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी गेले. तोवर महाराष्ट्रातली काँग्रेस म्हणजे पुणं, आणि पुणं म्हणजे 'केसरी'चा वाडा, वकील, प्राध्यापक, शिक्षक. या मंडळींचा त्याग खोटा नव्हता, टिळकांनी मंडालेत सहा वर्षं काढली होती. पण खेड्यातला कुणबी-मराठा, माळी, धनगर हा माणूस त्यांच्याकडे पाहत होता तो वेगळ्याच बाजूने. त्याला दिसत होता कुलकर्णी, सावकार, आणि लग्नाकार्याला येऊन त्याला शूद्र ठरवून जाणारा भटजी. महात्मा फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज काढला तेव्हापासून हा हिशेब मांडला जात होता. पुढे शाहू महाराजांना स्वतःच्या राजवाड्यात वेदोक्ताचा अधिकार नाकारला गेला आणि एका छत्रपतीची ही गत तर आपली काय, हे खेडोपाडी लोकांना न सांगता कळलं. महाराजांनी १९०२ मध्ये कोल्हापूर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. 'केसरी'ने यावर काय लिहिलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल.

मग १९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा आल्या. मुंबई कायदेमंडळात मराठा आणि तत्सम जातींसाठी सात जागा राखीव ठेवल्या गेल्या. काँग्रेसने १९२० च्या निवडणुकीवर बहिष्कार टाकला, ब्राह्मणेतर पक्ष मात्र उतरला. १९२३ मध्ये भास्करराव जाधव मुंबई सरकारात मंत्री झाले. पक्षाचं सूत्र साधं होतं. इंग्रज उद्या गेला आणि राज्य पुन्हा पेशव्यांच्या हाती आलं तर आपलं काय? त्यापेक्षा इंग्रज आहे तोवर शाळा, नोकऱ्या आणि लोकल बोर्डं पदरात पाडून घ्या. आज हे वाचताना आपल्याला खटकतं, कारण शाळेत आपण सगळा इतिहास 'स्वातंत्र्यासाठी कोण लढलं' या एकाच मापाने मोजायला शिकलो. पण तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या जागी उभं राहून बघा. त्याच्या मानेवर कलेक्टरचा हात वर्षातून एकदा पडायचा. कुलकर्ण्याचा आणि सावकाराचा रोज.

आणि आता आपले जेधे. पुण्यातलं खातंपितं देशमुख घराणं, भांड्यांचा धंदा, जेधे मॅन्शन हा ब्राह्मणेतरांचा अड्डा. गणेशोत्सवातल्या मेळ्यांना उत्तर म्हणून यांनी छत्रपती मेळा काढला, आणि त्या मेळ्यातली पदं ऐकून सदाशिव पेठेच्या अंगाचा तिळपापड होत असे. १९२४ मध्ये मंडईत टिळकांचा पुतळा उभा राहिला, मोतीलाल नेहरूंच्या हस्ते. ब्राह्मणेतरांचा याला कडवा विरोध होता. जेधे नगरपालिकेत निवडून गेल्यावर त्यांनी फुल्यांच्या पुतळ्याची मागणी पुढे केली. ती काही मंजूर झाली नाही. त्याच सुमारास, १९२५ मध्ये, दिनकरराव जवळकरांचं 'देशाचे दुश्मन' हे पुस्तक आलं. देशाचे दुश्मन कोण? तर टिळक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर! प्रकाशक केशवराव जेधे. खटला झाला, खालच्या कोर्टात शिक्षा झाली, आणि १९२६ मध्ये अपिलात या मंडळींना सोडवून आणणारे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. हे नाव लक्षात ठेवा, पुढे त्यांच्याकडे यायचंय.

तर असा हा माणूस. आणि बरोबर पाच वर्षांनी, १९३० मध्ये, तो काँग्रेसमध्ये!

का? याची नेहमी दिली जाणारी उत्तरं दोन. एक म्हणजे गांधीजींची जादू. दुसरं म्हणजे काकासाहेब गाडगीळ या ब्राह्मण वकिलाने जेध्यांशी जुळवून आणलेली दोस्ती. दोन्ही खरी आहेत. जेधे-गाडगीळ ही जोडी पुढे वर्षानुवर्षं पुण्याच्या राजकारणात एका दमात उच्चारली गेली. विठ्ठल रामजी शिंदे यांच्यासारखा बहुजन समाजातला मोठा माणूसही कायदेभंगात तुरुंगात गेला, त्याचंही वजन पडलं. पण माझ्या मते याहून महत्त्वाच्या दोन गोष्टी जमिनीखाली घडत होत्या.

पहिली अशी की काँग्रेसच्या जुन्या मालकांनी घर अर्धं रिकामं केलं होतं. टिळकांच्या मागे न. चिं. केळकर आणि मंडळींना गांधींचा असहकार, चरखा, मुसलमानांशी जवळीक, काहीच पटेना. ते आधी प्रतिसहकाराकडे, मग लोकशाही स्वराज्य पक्षाकडे, आणि त्यांतले कित्येक हिंदुमहासभेकडे सरकत गेले. १९२५ मध्ये नागपुरात राष्ट्रीय स्वयंसेवक संघ निघाला, तोही पुण्याच्या या वर्गाला गांधींपेक्षा जवळचा वाटला. सगळे गेले असं नाही बरं का! गाडगीळ, शंकरराव देव, बाळासाहेब खेर राहिले, एस. एम. जोशी आणि ना. ग. गोरे समाजवादी होऊन राहिले. पण 'काँग्रेस म्हणजे केसरीवाडा' हे समीकरण मोडलं. ज्या काँग्रेसला जेधे शिव्या देत होते ती काँग्रेस १९३० मध्ये जवळपास उरलीच नव्हती. मग शत्रूच्या गोटात गेले असं म्हणायचं तरी कसं?

दुसरी गोष्ट मंदीची. १९२९ नंतर शेतमालाचे भाव कोसळले, सारा मात्र तेवढाच. आता शेतकऱ्याच्या मानेवर कलेक्टरचा हातही रोज पडू लागला. ब्राह्मणेतर पक्षाचे मंत्री सरकारात बसलेले, म्हणजे या साऱ्याचं समर्थन करायची पाळी त्यांच्यावर. तरुण पोरांना हे असह्य झालं. १९३० मध्ये सातारा जिल्ह्यात बिळाशीला जंगल सत्याग्रह झाला, तो कोण्या वकिलाने केलेला नव्हता, तो चराईच्या गायरानासाठी आणि सरपणासाठी गावकऱ्यांनी केला. आमचे आजोबा तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे. ते सांगत की पणजोबांनी त्यांना गांधी टोपी घातलेली पाहून विचारलं होतं, "कोणत्या भटानं घातली रं ही?" आणि आजोबा म्हणाले, "बिळाशीवाल्यांनी." घरात दोन दिवस कोणी कोणाशी बोललं नाही.

बरं, नेते गेले म्हणून मतदार लगेच जात नाही. त्याला आणखी सात वर्षं लागली. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसने पहिल्यांदाच खेड्यात अधिवेशन भरवलं, ते खानदेशात फैजपूरला, अध्यक्ष पंडित नेहरू, आणि ठराव शेतकऱ्यांच्या कर्जाचे आणि साऱ्याचे. १९३५ च्या कायद्याने मताचा हक्क बराच खाली, बऱ्यापैकी सारा भरणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत उतरलेला होता. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई प्रांतात काँग्रेसला १७५ पैकी ८६ जागा मिळाल्या.

त्यातली एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. काँग्रेसने सुरुवातीला मंत्रिमंडळ बनवायला नकार दिला, म्हणून गव्हर्नरने एप्रिलमध्ये धनजीशा कूपर यांना मुख्यमंत्री केलं (तेव्हा प्रीमियर म्हणत). म्हणजे मुंबई प्रांताचा पहिला प्रीमियर सातारचा एक पारशी, आणि तो ब्राह्मणेतर पक्षाचा! आणि त्यांच्या मंत्रिमंडळात कोण? जमनादास मेहता, टिळकांच्या परंपरेतल्या लोकशाही स्वराज्य पक्षाचे. बारा वर्षांपूर्वी पुतळ्यावरून एकमेकांची डोकी फोडायला निघालेले दोन गोट सरकार वाचवायला शेजारी शेजारी बसले, कारण दोघांचेही लोक दरम्यान काँग्रेसकडे निघून गेले होते. जुलैमध्ये ते सरकार गेलं, बाळासाहेब खेर आले, आणि ब्राह्मणेतर पक्ष नावाची गोष्ट संपल्यात जमा झाली. जेधे पुढे प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्षही झाले.

इथवर वाचून ही गोष्ट फार गोड वाटेल. जुनं भांडण मिटलं, सगळे एका झेंड्याखाली आले वगैरे. पण सगळे आले नाहीत. आता त्या वकिलाकडे येऊ.

ब्राह्मणेतर चळवळीत सुरुवातीला अस्पृश्य समाजही होता. फुल्यांनी शूद्र आणि अतिशूद्र हे शब्द नेहमी जोडीने वापरले. शाहू महाराजांनी आंबेडकरांना मदत केली, माणगाव परिषदेत १९२० मध्ये त्यांचं नेतृत्व जाहीरपणे पुढे केलं. पण मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी घेतल्यावर अस्पृश्यांना मारहाण झाली, आणि खेड्यापाड्यांत त्यांना त्रास देणारे काही फक्त ब्राह्मण नव्हते. पुढच्या सत्याग्रहाला जेधे आणि जवळकर यांनी पाठिंबा देऊ केला, पण अट घातली की ब्राह्मणांना त्यात घ्यायचं नाही. बाबासाहेबांनी ती अट साफ नाकारली. आपला विरोध ब्राह्मण माणसाला नाही, ब्राह्मण्याला आहे, आणि ते ब्राह्मण्य ब्राह्मणेतरांतही असतं, असं त्यांचं म्हणणं. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली तेव्हा ठराव मांडणारे गंगाधरपंत सहस्रबुद्धे ब्राह्मणच होते.

माझ्या मते पुढच्या साऱ्या राजकारणाची भेग इथे दिसते. जेध्यांना हवी होती ती ब्राह्मणांच्या वर्चस्वातून सुटका. ती काँग्रेसमध्ये जाऊन, बहुसंख्येच्या जोरावर, मिळण्यासारखी होती. बाबासाहेबांना जे हवं होतं ते बहुसंख्येच्या जोरावर मिळण्यासारखं नव्हतं, कारण गावातली बहुसंख्या हीच त्यांची अडचण होती. म्हणून जेधे काँग्रेसमध्ये गेले आणि बाबासाहेबांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. पक्षांच्या फेरमांडणीत नवे लोक आत येतात त्याची चर्चा फार होते. दारातून कोणाला आत घेतलं नाही त्याची कमी होते. आमच्या गावात त्या साली बहुतेक सगळे मराठे काँग्रेसवासी झाले. महारवाड्यातून एकही घर गेलं नाही, आणि ते का गेलं नाही हा प्रश्न आमच्या आजोबांना कधी पडला होता असं मला त्यांच्या बोलण्यावरून कधी जाणवलं नाही.

असो. पुढे १९४२ आलं, नाना पाटलांचं पत्री सरकार आलं, सातारा जिल्हा काँग्रेसचा नव्हे तर काँग्रेसच्याही पुढचा झाला. आणि स्वातंत्र्य दाराशी आल्यावर याच मंडळींचं काँग्रेसशी बिनसलं. लेव्हीचं धान्य, कूळकायद्याची दिरंगाई, आणि तिकिटं-मंत्रिपदं पुन्हा शहरी मंडळींकडे. शंकरराव मोरे, जेधे, नाना पाटील, तुळशीदास जाधव यांनी काँग्रेसच्या आतच शेतकरी कामगार संघ काढला. पक्षात वेगळा पक्ष चालणार नाही असा नियम काँग्रेसने केल्यावर १९४८ मध्ये ते बाहेर पडले. हाच आपला शेकाप. त्याच वर्षी, जानेवारीत, गांधीजींचा खून झाला आणि आमच्या भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. त्याबद्दल गावोगावी लोक आजही आवाज खाली करून बोलतात. खेड्यांतले ब्राह्मण पुण्या-मुंबईला निघून गेले, कूळकायद्याने उरलेल्या जमिनी गेल्या, आणि खेड्यातल्या राजकारणात ज्याच्याविरुद्ध लढायचं तो माणूसच गावात उरला नाही. ब्राह्मणेतर या शब्दाचा अर्थच संपला. आता भांडण मराठ्यांचं मराठ्यांशीच व्हायचं होतं.

आमच्या घरातही तसंच झालं. आजोबा काँग्रेसमध्ये राहिले, धाकटे आजोबा शेकापमध्ये गेले. १९५२ ला घराच्या एका ओट्यावर बैलजोडी आणि दुसऱ्या ओट्यावर लाल बावटा. आजीच्या म्हणण्याप्रमाणे स्वयंपाक एकच होता, पंगती दोन.

निकाल लागला तो असा. मुंबई राज्यात काँग्रेसला ३१५ पैकी २६९ आणि शेकापला १४. शेकापचं चुकलं कुठे यावर पुस्तकं आहेत. मला वाटतं १९५० च्या दाभाडी प्रबंधाने त्यांनी मार्क्सवाद-लेनिनवाद अंगीकारला तेव्हा त्यांचे कार्यकर्ते पुढे गेले आणि मतदार बांधावरच राहिला. चार एकरवाल्या शेतकऱ्याला सावकार नको होता, लेव्ही नको होती. श्रमजीवी वर्गाची हुकूमशाही मात्र त्याने मागितली नव्हती. धाकट्या आजोबांकडे तो प्रबंध होता. त्यांनी तो पूर्ण वाचला असेल असं मला वाटत नाही, पण जपून मात्र ठेवला होता.

जेधे १९५४ मध्ये काँग्रेसमध्ये परतले. मग संयुक्त महाराष्ट्राचा वणवा पेटला. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी समितीची स्थापना झाली ती जेध्यांच्या पुढाकाराने, आणि जागा कोणती? पुण्याचं टिळक स्मारक मंदिर! 'देशाचे दुश्मन'चा प्रकाशक टिळकांच्या नावाच्या सभागृहात, डाव्या-उजव्या सगळ्यांना घेऊन बसलेला. समितीत समाजवादी होते, कम्युनिस्ट होते, शेकाप होता, जनसंघ होता आणि बाबासाहेबांचा पक्षही होता. १९५७ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचं पानिपत झालं. विदर्भ, मराठवाडा आणि गुजरात पाठीशी होते म्हणून द्विभाषिकाचं सरकार तगलं.

आता हाच तो क्षण जिथे महाराष्ट्रात कायमची बिगरकाँग्रेसी मांडणी होऊ शकली असती. झाली नाही, आणि त्याचं श्रेय (किंवा दोष, तुम्ही ठरवा) यशवंतराव चव्हाणांचं. १ मे १९६० ला राज्य मिळालं आणि समितीला एकत्र ठेवणारा धागाच सुटला. चव्हाणांनी बेरजेचं राजकारण सुरू केलं. शेकापमधले यशवंतराव मोहिते आले, शंकरराव मोरे आले, तुळशीदास जाधव आले. पण नेते आणणं हा बेरजेचा सोपा भाग. खरी करामत १९६२ च्या जिल्हा परिषदांची आणि साखर कारखान्यांची. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी १९५० च्या सुमारास उभा केलेला नमुना आता जिल्ह्याजिल्ह्यात उतरला. कारखान्याला परवाना हवा, सरकारी भागभांडवल हवं, बँकेचं कर्ज हवं. विरोधी पक्षात बसून हे मिळवायचं कसं? शेकापचा गावपुढारी हळूहळू सोसायटीचा चेअरमन झाला, मग कारखान्याचा संचालक झाला, आणि एक दिवस बघतो तर काँग्रेसमध्ये. त्याला पक्ष बदलल्यासारखं वाटलंसुद्धा नसेल. आमचे धाकटे आजोबा कारखान्याचा शेअर घ्यायला म्हणून आजोबांबरोबर एकाच बैलगाडीतून गेले, तिथपासून पंगत एक झाली. तुमच्या 'पहिल्यापासून'चं साल इथे आहे, काका.

या काळाचं सगळ्यात बोलकं उदाहरण बारामतीचं. केशवराव १९५९ मध्ये वारले. १९६० मध्ये तिथे लोकसभेची पोटनिवडणूक झाली. काँग्रेसने त्यांचे चिरंजीव गुलाबराव जेधे यांना उभं केलं, शेकापने वसंतराव पवार यांना. वसंतरावांचं सगळं घर शेकापचं, आई शारदाबाई पक्षाच्या कार्यकर्त्या. आणि त्यांचा धाकटा भाऊ शरद प्रचार करत होता काँग्रेसचा, म्हणजे सख्ख्या भावाच्या विरोधात. शरद पवारांनी हे आत्मचरित्रात सांगितलं आहे. आमच्या दोन ओट्यांची गोष्ट एकट्या आमची नव्हती तर.

चव्हाणांनी बौद्धांना राज्यात सवलती चालू ठेवल्या, १९६७ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या रिपब्लिकन गटाशी समझोता केला, आणि तीस वर्षांपूर्वी दारात थांबवलेल्यांना ओसरीपर्यंत घेतलं. ओसरीपर्यंतच. १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला तेव्हा मराठवाड्यात दलितांची घरं जळाली, आणि काँग्रेसच्या बेरजेत कोण कुठल्या रांगेत आहे हे पुन्हा उघडं पडलं.

दुसऱ्या टोकाची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती तुम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. काँग्रेसमधून १९२० च्या दशकात बाहेर पडलेला पांढरपेशा वर्ग पुढे ज्या जनसंघात दिसला त्याला बहुजन समाज 'शेटजी-भटजींचा पक्ष' म्हणे. १९८० नंतर भाजपच्या वसंतराव भागवतांनी माळी, धनगर, वंजारी अशी 'माधव' मांडणी केली. गोपीनाथ मुंडे, ना. स. फरांदे, अण्णा डांगे ही माणसं पुढे आणली. थोडा विचार करा, मराठेतर इतर मागासांची ही जुळणी म्हणजे १९२० च्या ब्राह्मणेतर पक्षाचाच एक तुकडा. काँग्रेस मराठ्यांची झाल्यावर तो तुकडा मोकळा राहिला होता, तो तिकडे गेला. १९९५ मध्ये युतीला १३८ जागा मिळाल्या. २०१४ नंतर कारखानदार घराणीही निघाली, प्रवरानगरच्या विखे पाटलांची पुढची पिढी २०१९ मध्ये भाजपमध्ये गेली. २०२४ च्या विधानसभेत भाजप १३२ आणि काँग्रेस १६. १९३७ मध्ये ब्राह्मणेतर पक्षाचं जे झालं तेच पुन्हा घडतंय असं मी म्हणणार नाही, पण कारखान्याच्या परवान्याने आलेली माणसं कारखान्याच्या कर्जाने जाऊ शकतात, एवढं दिसतं खरं.

आणि या साऱ्यात एक माणूस जागचा हलला नाही. सांगोल्याचे गणपतराव देशमुख. १९६२ मध्ये शेकापकडून पहिल्यांदा आमदार झाले, मधल्या दोन पराभवांसकट अकरा वेळा निवडून आले, २०२१ मध्ये वारले ते शेकापचेच. त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. पण त्यांच्यासारखं न हलता राहणं सांगोल्यात जमलं, कारण तिथे दुष्काळी माणदेश होता आणि उसाची बेरीज नव्हती. जेध्यांनी राहायचं ठरवलं असतं तर ते १९३७ मध्ये कूपरसाहेबांच्या मंत्रिमंडळात असते, जमनादास मेहतांच्या शेजारी.

ज्या रे मार्केटच्या खर्चाला फुल्यांनी नगरपालिकेत विरोध केला होता, त्याचं नाव आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने महात्मा फुले मंडई झालं. अत्रे तेव्हा नगरपालिकेत काँग्रेसचे होते. टिळकांचा तो पुतळा अजून तिथेच आहे.

जाता जाता सातारकडच्या मंडळींना एक विनंती. धाकट्या आजोबांची ती दाभाडी प्रबंधाची प्रत वाटण्यांच्या वेळी कोणाच्या तरी ट्रंकेत गेली आहे. लाल कापडात बांधलेली, वरच्या पानावर त्यांची सही. कोणाला सापडली तर वाळवी लागण्याआधी कळवा, मी येऊन घेऊन जाईन.